फुलं खुडायला हात धजावेना

"अगं, ही फुलं तर जून झाली!" आईने कॅमोमाइलचं, म्हणजे चहासाठी वाळवतात त्या पांढऱ्या पाकळ्यांच्या फुलझाडाचं, एक फूल बोटांत धरलं आणि त्याचा पिवळा गोंडा चुरून तिच्या तळहातावर सांडला.

मी गप्पच. आठवडाभर ती फुलं मी नुसती बघत होते.

ऑक्टोबरच्या शेवटी बी टाकलं होतं, धुळीसारखं बारीक. ते पुरायचं नसतं, मातीवर भुरभुरवून हलकं दाबायचं. उजेड मिळाला की चांगलं रुजतं. गेल्या वर्षी मी ते खोल पुरलं होतं. एक कोंब आला नाही. म्हणून यंदा पहिली फुलं खुडायला हातच धजावेना.

आई म्हणाली, "उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या रोज काढतेस ना? मग हिलाच का एवढी जपतेस?"

मग दोघी कुंडीपाशी बसलो. पाकळ्या आडव्या पसरलेली ताजी फुलं तेवढी निवडली. एक गोंडा नखाने उभा चिरला, तर आत पोकळ! जर्मन कॅमोमाइल या जातीची हीच खूण. बोटांना सफरचंदासारखा वास येत राहिला. ग्रीक नावाचा अर्थही तोच, जमिनीवरचं सफरचंद.

ताटभर फुलं आता सावलीत वाळताहेत. खुडलं की नव्या कळ्या धरतात, हे मला पाठ होतं. तरी आईने सांगावं लागलं.

तुमच्याही बागेत असं काही आहे का, जपता जपता वाया गेलेलं?