निळ्या पानांचा बिगोनिया, पाचगणीच्या सावलीत

बिगोनिया पॅव्होनिना ही मलेशियातील कॅमेरॉन हायलँड्सच्या डोंगरांत, दाट रानाच्या तळाशी वाढणारी वनस्पती. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानाचे संचालक हेन्री रिडली यांनी 1909 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिची फुले फिकट आणि साधीच; सगळे वैभव पानांत. पाचगणीतल्या माझ्या छोट्या पॉलीहाऊसमध्ये ती आता रुळली आहे, तरी बघायला येणारे बहुतेक जण आधी "ही तर हिरवीच दिसते" असे म्हणून मोकळे होतात.

अशा वेळी मी त्यांना बॅटरी डोळ्यांजवळ धरून तिचा झोत पानावर टाकायला सांगतो. पान एकदम निळे चमकते आणि मान जराशी कलती केली की पुन्हा हिरवे होते. या पानात निळे रंगद्रव्य नसतेच. पानाच्या वरच्या त्वचेतील हरितलवकांमध्ये पटलांच्या चळती इतक्या नेमक्या अंतरावर रचलेल्या असतात, की निळा प्रकाश परावर्तित होतो आणि रानाच्या तळापर्यंत झिरपणारा हिरवा व तांबडा प्रकाश अधिक शोषला जातो. ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हे उलगडून दाखवले; अंधूक प्रकाशात या रचनेमुळे प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता 5 ते 10 टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले.

निळाई ही अशी सावलीतल्या पोटापाण्याची सोय असल्यामुळे, भरपूर उजेड दिला की ती ओसरते. "थोडे ऊन लागू द्या, झाड जोम धरेल" हा रोपवाटिकांमधला नेहमीचा सल्ला गुलाबाला ठीक आहे, इथे मात्र तो मुळीच ऐकू नये. मी प्लास्टिकच्या छताखाली शेडनेट दुहेरी ताणले आहे आणि कुंड्या बाकांखाली, जिथे एरवी कोणी काही लावणार नाही अशा जागी ठेवल्या आहेत.

खरी परीक्षा मार्च ते मे या महिन्यांत असते. कोरडा वारा सुटला की पानांच्या कडा करपतात, म्हणून पाण्याचे बारीक धुके सोडणारा फॉगर दुपारभर थांबत थांबत चालवावा लागतो. पावसाळ्यात ओलाव्याची ददात नसते, पण हवा कोंडली तर देठ कुजतात. तेव्हा लहान पंखा अखंड चालू ठेवणे औषधफवारणीपेक्षा जास्त उपयोगी पडते. बोअरच्या पाण्यातील क्षारांचे पांढरे डाग पानावर बसतात आणि त्याची सारी शोभा जाते, म्हणून पिंपांत साठवलेले पावसाचे पाणीच वापरतो.

नवे रोप देठासह पान ओल्या शेवाळात खोचून करता येते. इतकी सोपी वाट असताना रानातून उपटून आणलेली रोपे विकत घेण्याचे काहीच कारण नाही. ओळखीतल्या हौशी लोकांना मी पाने आनंदाने देतो, फक्त डिसेंबर-जानेवारीत मागू नयेत. थंडीत ती मुळे धरायला फार वेळ घेतात.