पाणी हितपर्यंत आलतं

मी कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत सातवीला शिकवते. शाळेपासून पंचगंगा चालत दहा मिनिटांवर आहे. 2023 सालच्या ऑक्टोबरमधला शेवटचा मंगळवार होता. दुपारी दीड वाजता आमचा वर्ग इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातल्या एका वर्गाशी बोलणार होता. प्रोजेक्टर लावला होता, माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट चालू होतं, मुली डोक्याला तेल लावून, रिबिनी बांधून आल्या होत्या. दीड वाजला, पावणेदोन झाले, तरी पडद्यावर कोणीच येईना.

"मॅडम, विसरली का ओ ती?" मागच्या बाकावरून आवाज आला.

मी मेसेज टाकला. तिकडच्या बाईंचं लगेच उत्तर आलं: आमच्याकडं आत्ता सव्वानऊ वाजलेत, ठरलं होतं दहाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं घेतात. आम्ही वेळ ठरवली ती महिन्याच्या सुरुवातीला, तेव्हा दोन्हीकडच्या वेळेत साडेतीन तासांचं अंतर होतं. रविवारी ते साडेचार झालं. हे मी तपासायला हवं होतं.

पण तो तास मला आजही मोलाचा वाटतो. पृथ्वीगोल टेबलावर घेतला आणि वर्ग भोवती जमला. दिवस मोठा-लहान होतो म्हणून माणसं घड्याळच फिरवतात, हे मुलांना पटायलाच तयार नव्हतं. "मग एसटी कशी पकडायची?" असं एकानं विचारलं. आपल्याकडं तसं का करत नाहीत, यावर पोरं स्वतःच बोलत बोलत विषुववृत्तापर्यंत पोचली. भूगोलाच्या तासाला हा भाग मी दोनदा शिकवला होता. तो समजला मात्र त्या दिवशी.

फ्लॉरेन्सच का, हे सांगायला हवं. शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यावर मी नाव नोंदवलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या आम्हा अनेकांना वाटू लागलं की हे आपल्यालाही जमेल. तसं हे वेड जुनंच. 1988 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बारा आणि मॉस्कोतल्या बारा शाळा संगणकावरून जोडल्या होत्या, आणि तेही शीतयुद्ध सुरू असताना. मला यादीत फ्लॉरेन्स दिसलं आणि हात थांबला. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) विलायतेहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथंच वारले. वय जेमतेम वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, आणि 1874 पासून तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे.

अडीच वाजता पडदा उजळला. पहिली दहा मिनिटं काही खरं नव्हती. आमच्या मुलांनी पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हटली, त्यांनी त्यांची म्हटली. माझं नाव अमुक, मला क्रिकेट आवडतं. एवढ्यावरच आटोपलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते. एक बरं होतं, इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नव्हती, त्यामुळं चुकलं तरी कोण लाजत नव्हतं.

मग त्यांनी पुतळ्याचा फोटो दाखवला. त्यांच्या गावात त्या जागेला नुसतं 'इंदियानो' म्हणतात, जवळच्या पुलालाही तेच नाव. तो माणूस कोण, कुठला, हे त्यातल्या बऱ्याच मुलांना माहीत नव्हतं. इकडं आमच्या वर्गात एकच गलका झाला, "आमचं महाराज! आमचं महाराज हायत ते!" मी पुतळ्याबद्दल आधी काहीच सांगितलं नव्हतं, मुद्दामच. संगमावर अग्नी दिला म्हटल्यावर एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे प्रयाग चिखलीसारखं." आमच्याकडचा नद्यांचा संगम तिथंच, त्याला काही समजावावं लागलं नाही.

तिकडच्या वर्गात एक आजी येऊन बसल्या होत्या, एका विद्यार्थ्याच्या. 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो शहरात घुसली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. त्या इटालियनमध्ये बोलायच्या, त्यांच्या बाई इंग्रजीत सांगायच्या, मी मराठीत. काही भागांत पाणी सहा मीटरच्या वर गेलं होतं. थंडीसाठी तळघरातल्या टाक्यांत तेल भरून ठेवलेलं, ते सगळं पाण्यावर आलं आणि भिंतींवर काळी रेघ उठली. आता शहरात ठिकठिकाणी दगडी पाट्या आहेत, पाणी इथवर आलं होतं म्हणून.

हे मी सांगत असतानाच आमच्यातली एक मुलगी उठली. सुतारवाड्यात राहणारी, वर्षभरात वर्गात स्वतःहून एकदाही न बोललेली. भिंतीपाशी गेली, डोक्यावर हात नेला, मग खुर्ची ओढून वर चढली. "आमच्यात पाणी हितपर्यंत आलतं," ती म्हणाली, मराठीतच. 2021 चा जुलै. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही पुढं गेलं होतं. सुतारवाड्यातली घरं दर मोठ्या पुराला चित्रदुर्ग मठात हलतात, तशी तीही हलली होती.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. आजी खुर्चीवर पुढं सरकून तिच्या हाताकडं बघत होत्या.

पुढचा पाऊण तास मला सूत्रसंचालन करावं लागलं नाही. धरणाचे दरवाजे कोण उघडतं, असं तिकडच्या एका मुलानं विचारलं. राधानगरीचे सात दरवाजे आपोआप उघडतात, माणूस लागत नाही, हे सांगताना आमची पोरं बाकावर उभी राहायची बाकी होती. मग सुतारवाड्याच्या मुलीनं विचारलं, "तुमची पुस्तकं कुठं ठेवली होती?" तिच्या पुस्तकांची पानं मठात पंख्याखाली वाळवताना एकमेकांना चिकटून गेली होती. आजींनी सांगितलं, नदीकाठच्या राष्ट्रीय ग्रंथालयातच लाखो पुस्तकं चिखलात बुडाली. देशोदेशींची तरुण पोरं रांगा लावून ती हातोहात वर काढायची. लोकांनी त्यांना 'चिखलातले देवदूत' असं नाव दिलं. भिजलेली पुस्तकं पुढं तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांत वाळवली.

"तंबाखूच्या?" अख्खा वर्ग ओरडला. एकाचा मामा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की पुढच्या पुरात शाळेची पुस्तकं मामाकडं न्यायची. मुलं हसली, पण तो अजिबात हसला नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

नेट दोनदा तुटलं. एकदा मुख्याध्यापकांनी आपला फोन आणून दिला. त्या दोन्ही वेळी कोणी जागेवरून उठलं नाही.

निरोप घेताना आजींनी आमच्या मुलीला विचारलं, नेमकं किती उंच? तिला आकडा सांगता येईना. शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही सातजणं मोजपट्टी घेऊन सुतारवाड्यात गेलो. भिंतीला नंतर रंग दिला होता, पण तिच्या आईनं दाराच्या चौकटीवर खिळ्यानं खूण करून ठेवली होती. उंबऱ्यापासून 7 फूट 4 इंच. मुलांनी त्याचे सेंटिमीटर केले, 223 आणि थोडं वर. खुणेखाली मुलीला उभं करून फोटो काढला आणि पाठवला.

सोमवारी उत्तर आलं. दगडी पाटीखाली तो नातू उभा होता, टाचा वर करून, हात ताणून. पाटी त्याच्या बोटांच्या कितीतरी वर होती. खाली आजींच्या अक्षरात फक्त आकडा लिहिला होता, सेंटिमीटरमध्ये. आमच्या मुलीनं तो फळ्यावर 223 च्या शेजारी लिहिला आणि वजाबाकी करायला घेतली.