तुम्ही विचारलंत म्हणून: वाकळ मशीनवर का?

“हातानं का नाही शिवत?”

वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांच्या थरांची गोधडी, उलगडून दाखवली की पहिला प्रश्न हाच. मग ती उलटी करून बघतात, टिपेवरून नख फिरवतात आणि चेहरा पडतो. “छानच आहे हो, पण हातची असती तर...” पुढचं वाक्य मी आजवर कुणाकडून पुरं ऐकलेलं नाही. शहरातली मंडळी असली की लगेच ऊब निघते. आजीच्या लुगड्याची ऊब, मायेची ऊब. ऊब असते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची, टाका कुणी घातला याच्याशी तिचं काही देणंघेणं नाही, असं मी तोंडावर सांगत आले. ते सगळंच खरं नाही. त्याकडे येते पुढे.

दुसऱ्या टोकाचेही भेटतात. “अहो, हे धूड काय चालवताय, मोटरचं घ्या एखादं.” त्यांना उत्तर देणं सोपं, म्हणून ते आधी उरकते. मशीन सासऱ्यांचं, ते शिंपीकाम करायचे. सिंगरचं १५के. नंबर ई या अक्षरानं सुरू होतो, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातलं. तो ‘के’ किलबोवीचाच. त्या गावावर १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, कारखान्याची लाकडाची वखार जळाली, तरी तो उभा राहिला आणि शेवटी १९८० मध्ये बंद पडला. कारखाना गेला, मशीन इथे साताऱ्यात टिपा मारतंय. ओतीव लोखंड आहे, आत प्लॅस्टिकचा तुकडा नाही. लुगड्याचे सात-आठ थर, त्यात कुठे दंड घातलेला, म्हणजे फाटका भाग काढून जोड शिवलेला, कुठे इरकलीचा काठ दुमडून आलेला. अशा ठिकाणी मोटरची घरगुती मशीनं कण्हतात आणि टाके सोडतात. मी पाय थांबवते, चाक हातानं फिरवते, एक टाका पार होतो, मग दुसरा. सोळा नंबरची सुई, फार जाड असेल तर अठरा. आणि आपल्याकडची काळी मशीनं बरीचशी याच धर्तीवर निघाली, त्यामुळे बॉबिन, शटल, सुई तालुक्याच्या बाजारात कुठेही मिळते. तेल घालायचं, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा कापूस काढायचा, पट्टा सैल झाला की कापून पुन्हा जोडायचा. झालं. मोटरवाल्यांचा विषय संपला.

हातवाल्यांचा संपत नाही.

आमच्या लहानपणी वैशाखात सोप्यात वाकळा पडायच्या. आई आणि शेजारच्या दोघी-तिघी चारी बाजूंनी बसून टाके घालायच्या. गाणी म्हणायच्या, हे खरं. गाण्यांचं सगळ्यांना ठाऊक असतं. सुईच्या मागच्या टोकानं बोटाला भोक पडायचं ते ठाऊक नसतं. अंगुस्तान कुणाकडे होतं? चिंधी गुंडाळायची. संध्याकाळी उठताना आईला भिंत धरावी लागायची. गल्लीत पहिलं मशीन आलं त्या उन्हाळ्यात आईनंच कडेच्या टिपा तिथून मारून आणल्या, आणि परंपरा मोडली म्हणून कुणी डोळ्याला पदर लावला नाही. तेव्हा ‘हातची हवी’ म्हणणाऱ्यांना माझं विचारणं असतं: कुणाच्या हातची? हाताच्या वाकळीला महिना-दीड महिना लागतो, तेवढे पैसे सांगितले की हीच मंडळी म्हणतात, “एवढ्यात तर दोन ब्लँकेटं येतात.”

१९२४ मध्ये गांधीजींना विचारलं गेलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हातानं शिवण्याचे कष्ट पडतात ते बघवेनात, म्हणून सिंगरनं ते यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. हा दाखला मी बरीच वर्षं हाताशी ठेवला होता. मग कुठेसं वाचलं की आयझॅक सिंगरसाहेबांचे एकाच वेळी निरनिराळ्या नावांनी अनेक संसार चालले होते, तेव्हा १८५१ च्या त्या पेटंटामागे नक्की कुठल्या बायकोची कणव होती, देव जाणे. दाखला अजून देते. बायकोचा भाग गाळते.

इथवरचं मी कुणालाही सांगते. वन्संच्या वाकळीचं सांगत नाही. पण ती नात्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि बाहेर भलत्याच रूपानं गेली आहे, तेव्हा एकदा लिहितेच.

यजमानांच्या काकी, आम्ही त्यांना थोरल्या म्हणायचो, गेल्या. वर्षश्राद्ध झालं आणि वन्सं, म्हणजे त्यांची लेक, गाठोडं घेऊन आल्या. आत थोरल्यांची अर्धी राहिलेली वाकळ. आमच्याकडच्या जुन्या बायका कडेपासून सुरुवात करायच्या आणि चारी बाजूंनी फेऱ्या घालत आत यायच्या. तिकडे कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या सिद्दी बायकाही अशाच बाहेरून आत शिवत येतात. थोरल्यांच्या बाहेरच्या फेऱ्या झालेल्या होत्या. मधला चौकोन मोकळा होता. सुई शेवटच्या टाक्याशी दोऱ्यासकट टोचलेली, आणि तिच्याभोवती लुगड्यावर गंजाचा डाग.

“वहिनी, एवढी पुरी करून द्या. तुमचं मशीन आहेच.”

“वन्सं, मशीनची टीप वेगळी दिसेल हं.”

“दिसू दे. पुरी होऊ दे.”

हे बोलणं मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलंय.

ज्यांनी मशीनवर वाकळ घातली आहे त्यांना कळेल काय काम होतं ते. मशीनवर मधून सुरू करून बाहेर सरकायचं असतं, म्हणजे जादा कापड कडेनं निघून जातं. इथे कडा बंद आणि मध्य ढिला. खालचे दाते अस्तर पुढे ओढतात, वरचं लुगडं मशीनच्या दाबपायाखाली रेंगाळतं; ओळीमागून ओळ थोडं थोडं कापड साचतं आणि मधे फुगा येतो. शिवाय सुईच्या उजवीकडे जागा वीतभरसुद्धा नाही. शिवून झालेला अर्धा भाग गुंडाळून तेवढ्यातून न्यायचा. मी आधी चौकोनभर उभा-आडवा कच्चा टाका घातला. पायाच्या दाबाचा स्क्रू सैल केला, टाका मोठा केला, मधोमध एक टीप मारून तिथून दोन्ही बाजूंना गेले. माझ्या ओळी थोरल्यांच्या शेवटच्या फेरीला भिडल्या तिथे थोडं कापड चुण्या घालून जिरवावं लागलं. थोरल्यांची सुई काढून काड्यापेटीत ठेवली आणि वन्संना दिली.

चांगली झाली होती. आजही म्हणते.

वन्संनी ती कॉटवर पसरली. तळहात कडेपासून आत नेला. हाताचे टाके संपले तिथे थांबल्या. “इथं कडक लागतंय,” म्हणाल्या. चहा घेतला, पैसे विचारले. मी घेतले नाहीत. वाकळ घेऊन गेल्या.

कडक लागणारच. हाताचा धावदोरा म्हणजे एकच दोरा, वर-खाली जात राहतो. कापड त्याच्यावर जरासं सरकू शकतं, दोन टाक्यांमध्ये फुगू शकतं. मशीनची टीप दोन दोऱ्यांची. खालचा दोरा वरच्यात थरांच्या मधोमध अडकतो आणि प्रत्येक टाका जागच्या जागी बंद होतो. म्हणून ती वर्षानुवर्षं धुण्याला टिकते आणि म्हणूनच ती ताठ राहते. थर दाबले गेले की मधली हवा कमी होते, हेही आलंच. उबेच्या वादात माझी बाजू इथे लंगडी आहे. घ्या.

दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो. पलंगावर तीच वाकळ. मधला चौकोन उसवलेला.

धावदोरा एका टोकाला कापून ओढला तर सरसर निघून येतो. मशीनची टीप अशी निघत नाही. दर चार-पाच टाक्यांवर ब्लेड घालावं लागतं, मधले तुकडे उपटावे लागतात. कापड धड असतं तर तेही निभावलं असतं. थोरल्यांची लुगडी अंगावर वापरून, धुऊन, पुन्हा दंड घालून वापरून पार विरलेली. सुईनं ओळीनं भोकं पाडलेली, आणि त्या ओळींवरून लुगडं पोस्टाच्या तिकिटांसारखं फाटत गेलेलं. आतली जुनेरं बाहेर डोकावत होती. माझ्या सासूबाईंच्या एका जुन्या पातळाचा तुकडा त्यात होता, तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

“वन्सं, मी आधी सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंत, वहिनी. मी नाही कुठे म्हणते?”

“मग?”

“रात्री पांघरली की मधे तुमचं मशीन लागायचं.”

यावर काय बोलणार? थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “आता हातानं घालून द्याल?” मी नाही म्हटलं. म्हटलं, कापडात जीव राहिला नाही, वरून नवं कापड लावावं लागेल, मग थोरल्यांचं काय उरणार? हे खरंच होतं. पुढे म्हणाले, “आणि मधे मग माझा हात लागेल तुम्हाला.” तेही खरं असेल, पण ते मी रागानं बोलले. वन्सं उठून फराळाचं आणायला गेल्या.

नात्यात गोष्ट फिरली ती अशी: मशीननं थोरल्यांची वाकळ फाडली. मशीननं नाही फाडली. भोकं मशीनची, ब्लेड वन्संचं. हा हिशोब मी मनात अनेकदा मांडला आहे आणि दर वेळी बरोबर येतो, तरी त्यानं मला बरं वाटत नाही. मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, असं माझी धाकटी जाऊ म्हणते. नाही म्हटलं असतं तर ती वाकळ माळ्यावर गेली असती, उंदरांनी कुरतडली असती, आणि लोक म्हणाले असते, घरात मशीन असून वहिनींनी एवढं केलं नाही. जाऊबाईंना वाकळ घालावी लागत नाही, त्यांचं ठीक आहे.

त्याआधी मी प्रदर्शनात छातीठोकपणे सांगायची, टाका तो टाका, हाताचा काय आणि मशीनचा काय. त्या बाईला आज भेटले तर म्हणेन, अगं, उसवून बघितलंयस का कधी? आणि ती मला म्हणेल, उसवायला कोण शिवतं? दोघींपैकी कुणाचं बरोबर ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दिवसाप्रमाणे बदलतं.

काम मात्र बदललं. फार विरलेलं जुनेर असलं तर आता त्याच्या पाठीला मांजरपाटाचा थर घेते, सुई चौदाची लावते, ओळी लांब लांब ठेवते, म्हणजे मधे फुगायला जागा राहते. ग्राहक म्हणतात, टिपा कमी दिल्यात. आणि हातानं अर्धी घातलेली वाकळ मी पुरी करून देत नाही. मागे कराडहून एक बाई अशीच घेऊन आल्या होत्या, त्यांच्या आजेसासूबाईंची. त्यांना मी पायरीवरूनच परत पाठवलं. एसटीनं एवढ्या लांब आल्या होत्या, पाणीसुद्धा न घेता गेल्या. हे तरी बरोबर केलं का? मला नाही वाटत. तरी पुन्हा कुणी आलं तर हेच करीन.

अलीकडे एक नवाच प्रश्न यायला लागलाय. “मशीनवर घाला हो, पण हातची दिसेल अशी करता येईल का?” येते. वर पारदर्शक नायलॉनचा दोरा घ्यायचा, खाली बॉबिनमध्ये जाड सुती, वरचं टेन्शन आवळायचं, की खालचा दोरा ठिपक्याठिपक्यांनी वर येतो आणि लांबून धावदोऱ्यासारखा दिसतो. मी एका तुकड्यावर करून बघितलंय, फसायला होतं. परवाच एकीनं फोनवर विचारलं, त्यासाठी जास्तीचे पैसे द्यायलाही ती तयार होती. मी नाही म्हटलं. मशीनची हवी तर मशीनची देईन, मागच्या बाजूची टीप स्वच्छ दिसेल अशी. हातची हवी असेल तर दुसरीकडे बघा, आणि शिवणारीला तिच्या महिन्या-दीड महिन्याचे पैसे द्या.