दुपारी दीडची मालिका आणि आमचा रोवणा

मालिका मिळाली तेव्हा पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर माझे सात हंगाम झाले होते. आमच्याकडे नाटकाचा हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे कंपन्यांची कार्यालयं आहेत. तिथून दुपारी गाडी निघते, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि नाटक संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं. घोंगडी पांघरून शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा आपलं वाक्य ऐकू गेलं पाहिजे, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं गेलं. पुढे कॅमेऱ्यासमोर हाच आवाज माझी सगळ्यात मोठी अडचण ठरला.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडच्या मुली मला फोन करून विचारतात, ताई, मालिकेत कसं जायचं? म्हणून जे झालं ते सांगते.

होळीनंतर, एप्रिल 2022 मध्ये, एका ओळखीच्या कलाकाराने व्हॉट्सॲपवर ऑडिशनचा निरोप पाठवला. नाव, वय, उंची, समोरून चेहरा, डावी-उजवी बाजू आणि दोन प्रसंग, एक रडण्याचा आणि एक भांडणाचा. फोन आडवा धरायचा, मागे साधी भिंत हवी. आमच्या घरात आवाज घुमतो. शेवटी धानाची पोती रचलेल्या खोलीत टेप, म्हणजे ऑडिशनचा व्हिडिओ, केला. पोत्यांमुळे आवाज इतका स्वच्छ आला की पुढचे सगळे टेप मी तिथेच केले. सहा टेप पाठवले, सहाव्याला उत्तर आलं. मधल्या काळात एकाने फोनवर ‘कलाकार नोंदणी’च्या नावाखाली पैसे मागितले होते. मी देणारही होते, पण माय म्हणाली, “काम त्यायले पाहिजे, मंग पैसे आपन कायले द्याचे?” ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर फोन ठेवून द्या.

मे महिन्यात मुंबईला लुक टेस्ट, म्हणजे वेशभूषा-मेकअपची चाचणी, आणि मॉक शूट, म्हणजे सरावाचं चित्रीकरण, झालं. पहिलं वाक्य बोलले आणि साउंडवाल्या दादांनी हेडफोन कानावरून काढला. छातीवर चिकटवलेला छोटा माइक श्वाससुद्धा पकडतो, आणि मी तर रानात बोलावं तशी बोलले होते. दिग्दर्शक म्हणाले, “समोरची बाई दोन फुटांवर आहे, तिच्याशीच बोल.” दुसरी अडचण बोलीची. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोरा. नाटकात आम्ही प्रमाण मराठी बोलतो, पण राग आला की जिभेवर घरचे शब्द येतात, आणि मालिकेत तर रोज राग. सासूचं काम करणाऱ्या ज्येष्ठ ताई मेकअपच्या खुर्चीत बसून माझ्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायच्या. त्या कधी हसल्या नाहीत. एकदा म्हणाल्या, “तुझी बोली विसरू नकोस, फक्त ती कधी काढायची ते तू ठरव.”

कंत्राट पंधरा पानांचं होतं. गावातला एक मुलगा वकिली करतो, त्याच्याकडून ओळ न् ओळ समजून घेतली. महिन्याला किमान किती दिवस काम देणार, ते लिहिलेलं असतं. मालिका चालू असेपर्यंत दुसरीकडे काम करता येत नाही, म्हणजे माझा नाटकाचा अख्खा हंगाम गेला. त्या दिवशी मी खूप रडले, कारण हंगामाच्या पैशावर आमचं वर्षाचं बियाणं-खत निघतं. मानधन काम केल्यापासून 90 दिवसांनी मिळतं आणि त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जातो. ते 90 दिवस कुठे राहायचं, काय खायचं, याचा हिशेब आधी करा. मी दोन मुलींबरोबर मीरा रोडला खोली घेतली. डिपॉझिटसाठी मायने गळ्यातलं गहाण ठेवलं. माझा पहिला हप्ता 90 नाही, 130 दिवसांनी आला. रोज फोन केले, दर वेळी “पुढच्या आठवड्यात” हेच उत्तर. एवढ्या दिवसांत मी घरी काय सांगत होते, ते आता आठवलं तरी घसा दाटतो.

सेटवर बारा तासांची शिफ्ट असते. सकाळी सातचा कॉल. सीनचे कागद बहुतेक वेळा मेकअप करतानाच हातात येतात. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं उरतात आणि जवळजवळ रोज तेवढं शूट करून द्यावं लागतं. नाटकात वाक्य संपलं की मी विंगेत जायची. इथे वाक्य संपल्यावरच खरं काम सुरू होतं. चेहरा तसाच धरून ठेवायचा, कारण त्यावर नंतर संगीत येणार. आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतील असा पूर्ण प्रसंग, मग माझा क्लोज, म्हणजे जवळून चेहरा, मग समोरच्याचा क्लोज, आणि त्याच्या क्लोजमध्येसुद्धा मी कॅमेऱ्यामागे उभी राहून तेच रडायचं, नाहीतर त्याला प्रतिक्रिया कुठून मिळणार? मास्टरमध्ये डोळे डाव्या हाताने पुसले असतील तर दर वेळी डाव्यानेच. नाटकात एकदा रडलं की मन हलकं होतं. इथे एकाच दुःखात पुन्हा पुन्हा शिरायचं आणि मध्ये चहा प्यायचा. हे जमायला मला दोन महिने लागले. जमलं त्या दिवशी कॅमेऱ्यामागे कुणीतरी हळूच म्हणालं, “झालं.”

दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे. त्या दिवशी क्रिएटिव्हच्या, म्हणजे कथेवर लक्ष ठेवणाऱ्या टीमच्या, चेहऱ्यावरून कळायचं, आपलं पात्र वाढणार की गावाला जाणार.

ताईंनीच मला दुपारच्या मालिकांची गोष्ट सांगितली. 1994 मध्ये दूरदर्शनवर ‘शांती’ आली, मंदिरा बेदीची. मग सह्याद्रीवर प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’. जेवणं उरकली, भांडी झाली, आता घटकाभर बाई स्वतःची, ही ती वेळ. मी ऐकत होते आणि मला आमच्या बांध्या, धानाची शेतं, दिसत होती. आमची मालिका जुलैमध्ये सुरू झाली, दुपारी दीडला. जुलैमध्ये आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, असते. दीड वाजता माझी माय, काकू, शेजारच्या सगळ्या बाया गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, धानाची रोपं, रोवत असतात. माझा पहिला भाग गावातल्या एकाही बाईने वेळेवर पाहिला नाही. रात्री लाइट असली आणि नेट चाललं तर भाऊ मोबाइलवर दाखवायचा. माय दोन मिनिटांत झोपून जायची. फोनवर म्हणायची, “पाह्यलं ना बाई, चांगली दिसून राहिली.” तिने पाहिलेलं नसायचं, हे मला कळायचं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की दुपार कोणाची असते, हे ठरवताना आमच्या बाया कुणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या.

रोवण्यानंतर निंदण, मग कापणी, मग चुरणं, म्हणजे मळणी. डिसेंबर उजाडला तरी मायच्या दुपारी रिकाम्या झाल्या नाहीत. जानेवारी 2023 मध्ये आमच्या झाडीपट्टीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री जाहीर झाली. 5000 हून जास्त प्रयोग केलेला माणूस. मी मेकअप रूममध्ये ओरडूनच सांगितलं. झाडीपट्टी म्हणजे काय, हे तिथे मला बसून समजवावं लागलं, आणि मी ते अर्धा तास समजावलं. शॉटसाठी बोलवायला आलेला असिस्टंटही ऐकत उभा राहिला.

फेब्रुवारीत एका गुरुवारी कळलं की मालिका बंद होतेय. आठ महिने, दोनशेच्या आसपास भाग. शेवटच्या दिवशी पॅकअप झाल्यावर ताईंनी त्यांची मेकअपची छोटी पेटी मला दिली. वडशाहून फोन आधीच आला होता. होळीपर्यंतचे नऊ प्रयोग, आणि पत्रकावर माझ्या नावापुढे मालिकेचं नाव छापणार होते. रात्रीचा दरही वाढवून दिला, तो मी मागून घेतला.

शेवटचा भाग लागला तेव्हा मी घरी होते. धान घरात आलं होतं, लाखोळीच्या डाळीचं पीक अजून उभं होतं, आणि कित्येक महिन्यांनी गल्लीतल्या बायांना एक मोकळी दुपार मिळाली होती. दीड वाजता आमच्या ओसरीत वीसेक जणी जमल्या. काही तर दारातच उभ्या होत्या. पडद्यावर मी सासूसमोर बसून बोलत होते, शिकवलं होतं तशी, दोन फुटांवरच्या बाईला ऐकू जाईल इतक्याच आवाजात. मागून आजी म्हणाली, “का म्हनते वो, आयकू नाही येऊन राहिलं.”

माय उठली, रिमोट घेतला आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.