कानाने करायची दाढी

वस्तऱ्याने दाढी केली की गाल अधिक गुळगुळीत होतो, असे वस्तऱ्याचे चाहते छातीठोकपणे सांगतात. मला ते फारसे पटलेले नाही. तीन किंवा पाच पात्यांचे आधुनिक रेझर नीट वापरले, तर तेही गाल जवळजवळ तितकाच तुळतुळीत करते आणि वेळ कितीतरी कमी घेते. पैसे वाचतात हा दुसरा दावा तर वस्तरा, चामड्याचा पट्टा, धार लावण्याचे दगड, ब्रश आणि साबण यांच्या किमतींची बेरीज करायला बसले की आपोआप लंगडा पडतो. तरीही मी वस्तऱ्याकडे वळलो आणि तिथेच रमलो. ज्या सुखासाठी रमलो ते गालावर नाही. ते थोडेसे हातात आणि बरेचसे कानात आहे.

वस्तऱ्याला आवाज असतो, हे तो स्वतः हातात घेईपर्यंत माझ्या गावीही नव्हते. जुन्या पद्धतीची काही पाती पाचरीच्या आकाराची असतात, म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेली. अशी जाड पाती मुकाट्याने काम करतात. पुढे एकोणिसाव्या शतकात पात्याच्या दोन्ही बाजू घासून खोलगट करण्याची रीत रुळली आणि जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांनी तिच्यात मोठे नाव कमावले. असे पाते पाठीकडे भक्कम असते, पण धारेजवळ इतके पातळ होत जाते की दाढीचे खुंट कापताना ते थरथरते आणि ती थरथर ऐकू येते. कानशिलाखालून गालावर उतरताना एक बारीक, सलग करकर येते. जबड्याच्या कडेला ती भरड होते. हनुवटीवर, जिथे केस राठ असतात, ती जवळजवळ खरखरीवर जाते. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरावे, असे सांगतात. आरशासमोर उभे राहून कोन मोजणार कोण? कोन फार निजला की आवाज बसतो आणि पाते केसांवरून नुसते घसरत जाते. फार उठला की खरवडल्यासारखा कोरडा आवाज येतो, आणि तो ऐकू आल्याबरोबर हात थांबवलेला बरा. हात कानाच्या सांगण्यावरून चालू लागतो, तेव्हा या प्रकाराची खरी गोडी कळू लागते.

अर्थात त्याआधी पाण्याचे काम असते. केस पाणी पितो, फुगतो आणि मऊ होतो. त्याला दोन-चार मिनिटे तरी द्यावी लागतात. कोरड्या केसांवर वस्तरा चालवणे म्हणजे शब्दशः बिनपाण्याने हजामत करून घेणे.

उजव्या हाताला सगळे श्रेय मिळते, पण निम्मे काम डावा हात करतो. वस्तरा फिरणार त्याच्या किंचित मागे बोटे टेकवून त्वचा ताणून धरायची असते, आणि ओल्या, फेसाळ गालावरून बोटे निसटत असल्यामुळे तेवढी जागा आधी टॉवेलने टिपून घ्यावी लागते. त्वचा ताठ असेल तर वस्तऱ्याला जोर लागत नाही, त्याच्या स्वतःच्या वजनावर तो खाली येतो. मानेवर तर केस एका दिशेने वाढतही नाहीत. कुठे खाली, कुठे आडवे, कुठे चक्क भोवरा घेऊन. वर्षानुवर्षे रोज पाहिलेल्या आपल्याच मानेचा हा नकाशा वस्तरा हाती येईपर्यंत कळण्याचे कारणच पडत नाही.

मला सर्वांत आवडणारा भाग मात्र दाढीचा नाहीच, तो पट्ट्याचा आहे. चामड्याचा पट्टा एका टोकाला अडकवून दुसरे टोक हाताने ताणून धरायचे आणि पाते त्यावर सपाट ठेवून पाठ पुढे, धार मागे अशा रीतीने सरकवत न्यायचे. टोकाशी पोचल्यावर पाते पाठीवर उलटवायचे, धारेवर कधीही नाही, नाहीतर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते. पट्ट्यावर पोलाद फारसे झिजत नाही. वापराने किंचित वळलेली धार सरळ होते. इथेही कान हवाच, कारण पाते सपाट चालले असेल तर चामड्यावरून एकसारखी सळसळ येते, आणि हात जरा कलला की ती तुटते.

केसासारख्या क्षुल्लक वस्तूने पोलादाची धार जावी, याचे मला नेहमी नवल वाटे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. नेहमीच्या रेझरची पाती सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांना दिसले की ती नुसती झिजून गोल होत नाहीत, तर त्यांच्या धारेचे बारीक टवके उडतात. केस कापला जाताना वाकतो आणि पात्यावर तिरका ताण देतो. पोलादाची अंतर्रचना सगळीकडे सारखी नसल्यामुळे त्यातल्या एखाद्या कमकुवत जागी तो ताण नेमका साधतो. हे वाचल्यापासून आपल्या दाढीबद्दल मला थोडा आदर वाटू लागला आहे.

असे टवके पट्ट्याने भरून येत नाहीत, त्यासाठी पाते दगडावर पाजवावे लागते. त्यातली एक युक्ती मला फार देखणी वाटते. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे धारेचा कोन आपल्याला ठरवावा लागत नाही. बनवणाऱ्याने पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातच तो कायमचा बसवून ठेवलेला असतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला हे भाग्य नाही.

ही सगळी उठाठेव घरोघरच्या सकाळीतून कशी गेली, तेही सांगायला हवे. पात्याला आडोसा लावून गाल वाचवण्याची कल्पना फ्रान्समधील झां-झाक पेरे याने अठराव्या शतकातच प्रत्यक्षात आणली होती, पण त्या पात्याला धार लावणे काही सुटले नव्हते. ते सोडवले किंग जिलेट याने. १९०४ साली पेटंट मिळालेल्या त्याच्या रेझरचे पाते इतके पातळ होते की बोथट झाल्यावर ते सरळ फेकून देता येत असे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना असे रेझर सरकारकडूनच मिळू लागले आणि लाखो माणसे ती सवय घेऊन घरी परतली. मला यात हळहळण्यासारखे काही दिसत नाही. खंदकात बसलेल्या माणसाने पट्टा ताणून धार लावत बसावे, अशी अपेक्षा कोणी कशाला करील? ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याचा हात थरथरत नाही, त्याचाच हा शौक, हे मान्य करूनच तो करावा.

म्हणून घाईच्या दिवशी मी वस्तऱ्याला हात लावत नाही. त्या दिवशी साधे रेझर आपले काम चोख बजावते. फक्त दाढी केली की राहिली, याची खात्री करायला नंतर गालावरून एकदा हात फिरवावा लागतो.