मीटर हातात घ्या, मग बॅटरी बदला

आज मालवणात समुद्राऐवजी गाडीचं बूड बघत बसलो. कॅम्परमधला (राहायची सोय असलेल्या गाडीतला) फ्रीज सुरू व्हायचा, दोन सेकंदांत बंद. जो तो एकच सांगे, "बॅटरी गेली, नवी टाका." व्होल्ट मोजायच्या मीटरवर मात्र १२.६ व्होल्ट! लेड-ॲसिड (शिसं-आम्लाच्या) बॅटरीला हे उत्तम. (अर्थात लोड न देता, म्हणजे बॅटरीवर काही न चालवता, घेतलेल्या रीडिंगवर माझा विश्वास नाही.) फ्रीज चालू करताच मोजलं: बॅटरीवर १२.४, फ्रीजपाशी जेमतेम १०. दोनेक व्होल्ट वाटेतच गायब. म्हणजे दोष बॅटरीत नाही, जोडणीत! चासीवरचा (गाडीच्या सांगाड्यावरचा) अर्थिंगचा बोल्ट खाऱ्या हवेनं गंजलेला, वायरच्या टोकाच्या थिंबलवर (धातूच्या कडीवर) हिरवट थर. पॉलिश पेपरनं घासून, आवळून वर व्हॅसलीन फासलं. फ्रीज चालू! बायकोनं लगेच सुरमई आत ढकलली.