सदतीसचं आडनाव

अक्कलकोट तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मला दुसरीचा वर्ग मिळाला, त्या वर्षीची ही गोष्ट. ऑगस्टमध्ये दहा संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. ‘सदतीस’ म्हटलं आणि २३ पैकी १४ पाट्यांवर ७३! मुलं काही ढ नव्हती. कानावर आधी सात पडतो, म्हणून हातही आधी सातच लिहितो. त्यात निम्म्या मुलांच्या घरी कन्नड. तिथे ३७ म्हणजे मूवत्तेळु. आधी तीस, मग सात. शाळेत आलं की सगळं उलटं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीससाठी ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या, की जोडाक्षरांची संख्यानावं मुलांना जड जातात. खरं सांगते, हसणाऱ्यांत मीही होते. त्या १४ पाट्या बघितल्यावर हसू गेलं. पण आठवडी बाजारात कोणी ‘तीस सात रुपये द्या’ म्हणत नाही, तेव्हा सदतीस यायलाच हवं.

आधी नेहमीचा उपाय केला. तुराट्यांचे तुकडे, दहा-दहाचे गठ्ठे, वर रबर. तीन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मुलं बिनचूक मांडायची. मी नुसतं तोंडाने ‘सदतीस’ म्हटलं की पुन्हा ७३. गठ्ठ्यांनी डोळ्यांचं काम झालं, घोळ कानाचा होता.

वाट सापडली ती हजेरी घेताना. हजेरीपटावर आडनाव आधी असतं, हाक मात्र आपण नावाने मारतो. मग फळ्यावर लिहिलं: सद-तीस. नाव सात, आडनाव तीस. हाक मारताना नाव आधी, लिहिताना आडनाव आधी. व्हरांड्यात खडूने घरं आखली: वीसवाले, तीसवाले, चाळीसवाले, पार नव्वदपर्यंत. प्रत्येकाच्या हातात एका संख्येची चिठ्ठी. मी हाक मारायची, त्याने आपल्या घरात जाऊन उभं राहायचं आणि पाटीवर ‘आडनाव आधी’ लिहायचं. सत्तरवाल्यांशी पहिलं भांडण झालं. ‘बाई, त्र्याहत्तरमध्ये सत्तर कुठंय?’ ‘हत्तर’ हा सत्तरच, फक्त वेश बदललेला, असं म्हटल्यावर पुढचे चार दिवस पोरं एकमेकांना हत्तरराव म्हणत होती.

खरी मजा एकोणचाळीसची. आडनाव चाळीस, पण उभा तीसवाल्यांच्या घरात. हे कसं समजवावं या विचारात मी असतानाच मागून आवाज आला, ‘बाई, घरजावई!’ मी तोंड फिरवून हसून घेतलं. मग चाळीसवर उभं राहून एक पाऊल मागे टाकायचं, असा खेळ केला. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळे घरजावई ओळीत उभे.

दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा तेच श्रुतलेखन घेतलं. या वेळी ७३ लिहिणारे तिघं. त्यातल्या दोघांचं त्रेपन्न-त्रेसष्ट अजून हलत होतं आणि एक पोरगा महिनाभर ऊसतोडीच्या फडावरच होता. त्याच्यासाठी तुराट्या परत काढल्या.

आमची एक कन्नड बोलणारी मुलगी लिहिताना आधी पुटपुटायची, ‘मूवत्तेळु’, आणि मग ३७ बरोबर लिहायची. काही जणांनी मला सांगितलं, शाळेत मराठीच बोलायला लावा. मी नाही लावलं. तिची भाषा तिला आयतीच आडनाव आधी सांगत होती.

तिनेच शेवटच्या दिवशी विचारलं, ‘बाई, एकोणनव्वद आहे, मग एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव का?’

मी म्हटलं, तो एकटाच आपल्या घरात राहतो. तिला ते पटलं नाही. तिच्या पाटीवर ९९ खाली दोन्ही नावं लिहिलेली होती, आणि ‘नव्व्याण्णव’वर बारीकशी फुली.